जपानला ट्रेनिंगला चाललोय, परफॉर्मन्स पार्ट्सची फॅक्टरी आत जाऊन बघता येते का?

भोसरी_टूलरूम

नमस्कार मंडळी. मी भोसरी एमआयडीसीत टूलरूमला आहे, फोर्जिंगच्या (तापलेला धातू दाबून आकार देण्याच्या) डाय म्हणजे साचे डिझाइन करतो, नऊ वर्षं झाली. कंपनी ऑक्टोबरमध्ये तीन आठवड्यांसाठी जपानला पाठवतेय, हमामात्सुला. ट्रेनिंग संपल्यावर मी स्वतःची चार दिवसांची रजा जोडून घेतलीये आणि ती कशासाठी ते आधीच सांगतो, मला टोकियो डिस्ने वगैरे काही बघायचं नाही, मला जपानी परफॉर्मन्स पार्ट्स, म्हणजे गाडी जास्त जोरदार करायला बाहेरून लावायचे पार्ट्स, बनवणाऱ्या एखाद्या कंपनीची चालू फॅक्टरी बघायचीये. रेझ, एचकेएस, टीन, कुस्को, एन्केई ही अशा कंपन्यांची नावं मी कॉलेजपासून ऐकतोय, तेव्हा हॉस्टेलवर पेन ड्राइव्हमधून फोटो फिरायचे, रेझची टीई३७ चाकं लावलेली निसान स्कायलाइन, कुणाच्या तरी इंजिन बेमधली निळी स्ट्रट बार (पुढच्या दोन्ही बाजूंचं सस्पेन्शन जोडणारा दांडा). माझी स्वतःची गाडी २०१२ ची स्विफ्ट आहे आणि तिला स्ट्रट बार सोडून मी काही लावलेलं नाही, पण वाचन भरपूर केलंय.

दुसरं कारण बाबा. ते तीस वर्षं हॅमर शॉपला होते, लोखंडाचं फोर्जिंग, आता डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. अॅल्युमिनियमची चाकं फोर्ज करतात म्हटल्यावर त्यांनी मला जे प्रश्न विचारले त्यातल्या निम्म्यांची उत्तरं मला देता आली नाहीत आणि मी डाय डिझायनर आहे, मला ते लागलं. म्हणून बघायचंय.

तर प्रश्न असे की अशा कंपन्या बाहेरच्या माणसाला आत घेतात का, मेल इंग्रजीत केली तर चालते का, किती आधी विचारावं लागतं, फोटो काढू देतात का. कुणी खरंच जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, यूट्यूबवरचे व्हिडिओ मी सगळे बघितलेत.

योकोहामावाली

अभिनंदन! मी इथे अकरा वर्षं आहे, गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते, सप्लायर ऑडिटला बऱ्याच फॅक्टऱ्यांमध्ये जाणं होतं म्हणून थोडं सांगू शकते.

आधी एक गोष्ट नीट समजून घे. मोठ्या कार कंपन्यांच्या असेंब्ली प्लांटला सर्वसामान्य लोकांसाठी टूर असते, शाळेची मुलं रांगेने जातात, तिथे वेबसाइटवर बुकिंग करायचं की झालं. पार्ट्सवाल्या कंपन्यांचं तसं नाही. त्यातल्या बऱ्याच आकाराने लहान असतात, शंभर-दोनशे माणसं, काही तर तीस-चाळीस. तिथे तू गेलास तर कुणीतरी आपलं काम सोडून दीड तास तुझ्याबरोबर फिरणार असतो. त्यामुळे "टूर आहे का" असं न विचारता "मी अमुक काम करतो, मला अमुक प्रोसेस बघायचीये, कारण हे" असं विचारायचं. फॅन म्हणून लिहिलंस तर बहुतेक ठिकाणी गोड शब्दांत नकार येईल, डाय डिझायनर म्हणून लिहिलंस तर निदान पत्र योग्य माणसाकडे पोचेल.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तुला जी जपानी कंपनी ट्रेनिंग देतेय त्यांनाच विचार. इथे ओळख लागते, म्हणजे वशिला या अर्थाने नाही, तर "हा माणूस आमच्याकडे आलाय, याची जबाबदारी आमची" असं कुणीतरी म्हणावं लागतं. त्याला शोकाई म्हणतात. हमामात्सुमध्ये गाड्यांच्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात त्यामुळे तुझं नशीब चांगलं आहे. मेल जपानीत कर, कमीत कमी महिनाभर आधी. आणि लक्षात ठेव, फॅक्टरी शनिवार-रविवार बंद, त्यामुळे तुझे ते रजेचे चार दिवस आठवड्यातले येतील असं बघ. ऑक्टोबर ठीक आहे, ऑगस्टच्या मध्यात ओबोन, एप्रिलअखेर-मे सुरुवात गोल्डन वीक आणि नवीन वर्ष या तीन वेळा टाळायच्या असतात.

परवानगी नाहीच मिळाली तर या जागा आहेत जिथे ओळख लागत नाही. हमामात्सुहून एक स्टेशन पुढे ताकात्सुका, तिथे सुझुकी प्लाझा, फुकट आहे पण आधी बुकिंग लागतं, स्विफ्टवाल्या माणसाने चुकवूच नये, गाडी कशी तयार होते ते तिथे डिझाइनपासून लाइनपर्यंत मांडलंय. इवाताला यामाहाचं कम्युनिकेशन प्लाझा आहे, टोयोटा २००० जीटी तिथे बघायला मिळते, ती गाडी यामाहाने बनवली होती. आणि योकोहामात त्सुरुमीला निस्मोची, म्हणजे निसानच्या रेसिंग शाखेची, ओमोरी फॅक्टरी, शोरूममध्ये रेसच्या गाड्या असतात आणि काचेतून वर्कशॉप दिसतं, जुन्या निसान जीटी-आर गाड्यांची कामं चालू असतात. उघडी असण्याचे दिवस बघून जा.

फोटोचं म्हणशील तर नाही. बऱ्याच ठिकाणी गेटवरच फोनच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात. वही घेऊन जा.

सातारा_बूस्ट

एचकेएसबद्दल थोडं लिहितो कारण हमामात्सु म्हणजे तू शिझुओकातच असणार आणि कंपनीचं गाव फुजिनोमिया त्याच प्रीफेक्चरमध्ये (आपल्या राज्यासारखा विभाग) आहे. कंपनी १९७३ ला सुरू झाली, हिरोयुकी हासेगावा हे आधी यामाहात इंजिनिअर होते, ते, कितागावा आणि सिग्मा ऑटोमोटिव्ह या तिघांच्या आद्याक्षरांवरून एच के एस. सुरुवात फुजी पर्वताच्या पायथ्याला गाईगुरांच्या गोठ्याच्या शेडमध्ये झाली. पुढच्याच वर्षी, १९७४ ला त्यांनी टर्बो किट काढलं, रोजच्या वापराच्या गाडीला बाहेरून लावता येईल असं, तेव्हा जपानमध्ये कुणी करत नव्हतं. १९८३ ला यांची एम३०० नावाची टोयोटा सेलिका एक्सएक्स याताबेच्या टेस्ट ट्रॅकवर ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे गेली. आजही ऑफिस फुजिनोमियातच आहे, टोकियोला हलले नाहीत हे मला फार आवडतं.

योकोहामावाली ताईंनी यामाहा म्हटलं म्हणून जोडून सांगतो, सुझुकी, यामाहा आणि होंडाची सुरुवात, तिन्ही या हमामात्सुच्या पट्ट्यातली. मशीनिंग, कास्टिंग, प्लेटिंग करणारी माणसं तिथे आधीपासून होती म्हणूनच पार्ट्सवाले तिथे उगवले. आपल्याकडे पिंपरी-चिंचवडला जे झालं तेच.

जायचंच झालं तर हमामात्सुहून कोदामा शिनकानसेन पकड, शिन-फुजीला उतर. लक्षात ठेव, शिन-फुजी आणि फुजी ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, मध्ये बस किंवा टॅक्सी, मग फुजीहून मिनोबू लाइनने फुजिनोमिया, आणि कंपनी त्याच्याही उत्तरेला कितायामा भागात, म्हणजे पुन्हा गाडी लागणार. परवानगीशिवाय नुसतं गेटवर जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही, ते कामाचं ठिकाण आहे. पण भारतातून इंटरनॅशनल परमिट काढून घेऊन जा, जपानमध्ये चालतं आणि तिथेही डावीकडूनच चालवायचं असतं, त्या रस्त्यांवर स्वतः गाडी घेऊन फिरण्याचा आनंद वेगळा.

आणि स्विफ्टवाला आहेस तर मॉन्स्टर स्पोर्ट विसरू नकोस, रेसर ताजिमांची कंपनी, सुझुकीच्या गाड्यांसाठी पार्ट्स बनवतात. ताजिमांनी २०११ ला अमेरिकेतल्या शर्यतीत पाइक्स पीकचा डोंगर सुझुकी एसएक्स४ वर ९ मिनिटं ५१.२७८ सेकंदात चढला, दहा मिनिटांच्या आत जाणारा पहिला माणूस.

कोल्हापूर_फौंड्री

भावा, फोर्जिंगच बघायचं म्हणतोयस ते बरोबर हाय पण कास्टिंगला कमी समजू नको. आमची शिरोलीला फौंड्री हाय, मी ओतकामातला माणूस, म्हणून सांगतो.

साधं ओतलेलं चाक म्हणजे वितळलेलं अॅल्युमिनियम साच्यात गेलं, थंड झालं, आत कुठंतरी ब्लोहोल, म्हणजे हवेची भोकं, राहायची भीती कायम. म्हणून जाडी जास्त ठेवायला लागते आणि जाडी म्हणजे वजन. एन्केईवाल्यांनी काय केलं तर चाकाचा चेहरा ओतायचा आणि रिमचा जो पट्टा असतोय तो गरम असतानाच फिरवत रोलरने दाबून ओढायचा. कुंभार चाकावर माती वर ओढतोय तसंच, पण दाब प्रचंड. त्यात धातू दाबला जातोय, भोकं बुजत्यात, पट्टा पातळ करूनबी ताकद राहत्या. ते त्याला मॅट म्हणत्यात. त्यांचं आरपीएफ१ त्याच पद्धतीचं चाक हाय, म्हणून ओतीव असून एवढं हलकं. १९९५ पासून मॅकलारेनच्या एफ१ गाडीला एन्केईची चाकं होती, ती काय उगाच न्हाई.

आणि एन्केई हमामात्सुचीच कंपनी, १९५० ची. पण तुला लांब जायची गरजच न्हाई, त्यांचा प्लांट आपल्या शिक्रापूरला हाय, पुणे-नगर रोडला! भोसरीपासून तासाभरात. तिथं आपल्या गाड्यांची, मोटरसायकलींची चाकं होत्यात, रेसची न्हाईत, पण जपानला जायच्या आधी तिथली प्रोसेस बघून गेलास तर तिकडं गेल्यावर काय विचारायचं ते डोक्यात बसंल. तुझ्या कंपनीतून कुणीतरी व्हेंडर ओळखीचा निघंलच.

बाबांचे प्रश्न काय होते ते लिही की, आम्हालाबी कळू दे.

भोसरी_टूलरूम

शिक्रापूरचं मला माहीतच नव्हतं, खरंच धन्यवाद दादा, सोमवारीच परचेसमध्ये विचारतो. आणि ताई, ट्रेनिंग देणाऱ्या कंपनीला विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

बाबांचा मुख्य प्रश्न हा. लोखंड तापलं की रंगावरून कळतं, ते म्हणतात आम्ही पिवळसर नारिंगी झालं की घ्यायचो, लालवर आलं की परत भट्टीत. अॅल्युमिनियम लाल होतच नाही, लाल व्हायच्या आधी वितळतं. मग माणूस कशावर विश्वास ठेवून प्रेसमध्ये घालतो? दुसरा प्रश्न, ते मऊ आहे तर डायला चिकटत नाही का.

कोल्हापूर_फौंड्री

वडील जाणकार हायत, नमस्कार सांग त्यांना. आमच्याकडची जुनी माणसं अॅल्युमिनियमच्या पत्र्याला साबण घासायची आणि खालनं ज्योत द्यायची, साबण तपकिरी-काळा पडला की पत्रा मऊ झाला म्हणायचं. पण ते पत्र्याला वाकवायपुरतं. चाकाला तसं चालत न्हाई, तिथं थर्मोकपलच, म्हणजे तापमान मोजायचा सेन्सर.

कानसाई_मराठी

हा धागा आजच बघितला. मी ओसाकात राहतो, मशीन टूल्सच्या कंपनीत सर्व्हिसला आहे, आमची मशीन जिथे बसवलीये अशा एका फोर्ज्ड चाकांच्या फॅक्टरीत मला तीन वेळा जायला मिळालं. नाव लिहीत नाही, गेटवर सही केलीये. पण कुठल्याही फोर्जिंगच्या पुस्तकात असतं तेवढं लिहायला हरकत नाही आणि बाबांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

बिलेट म्हणजे ६०६१ जातीच्या अॅल्युमिनियमचा जाड ठोकळा, साधारण ४५० अंशांच्या आसपास तापवतात. तो भट्टीतून बाहेर येतो तेव्हा तुम्हाला काहीच वेगळं दिसत नाही. थंड ठोकळा आणि गरम ठोकळा शेजारी ठेवले तर डोळ्यांना सारखेच, तीच करडी पांढरी चमक. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला ते फार भीतीदायक वाटलं, लोखंडाच्या फोर्जला निदान धोका डोळ्यांना दिसतो. इथे जमिनीवर पिवळ्या रेषा आखलेल्या आहेत आणि त्या रेषेच्या आतलं सगळं गरमच आहे असं समजायचं, हात लावून बघायचा प्रश्नच नाही. प्रत्येक वेळी रेषा ओलांडण्याआधी माणूस थांबतो, बोट दाखवतो, मोठ्याने "योश" म्हणतो, मगच पाऊल टाकतो. वीस वर्षं तिथे काम केलेला माणूसही करतो, एकटा असला तरी करतो.

तर तापमान कळतं ते भट्टीतल्या थर्मोकपलवरून आणि भट्टीत किती वेळ राहिला त्यावरून. बाबांना सांग की डोळ्यांचं काम तिथे घड्याळ करतं. गाभ्यापर्यंत सारखी उष्णता पोचली पाहिजे, नुसती वरून नाही, म्हणून घाई चालत नाही. आणि अॅल्युमिनियमचा फोर्जिंगचा पट्टा लोखंडापेक्षा खूप अरुंद, थोडं कमी असेल तर डाय भरत नाही, थोडं जास्त झालं तर आतून खराब होतं. म्हणून डायसुद्धा गरम ठेवतात, नाहीतर थंड डायला लागल्या लागल्या वरचा थर गार होतो. चिकटण्याचा प्रश्न अगदी बरोबर आहे, त्यासाठी प्रत्येक ठोक्याआधी डायवर ग्रॅफाइटचं वंगण फवारतात आणि तुझ्यासारख्या डायवाल्याला कळेल की पॉलिश किती महत्त्वाचं असेल.

मग प्रेस. हॅमरसारखा धाडकन आवाज नाही, जमिनीतून एक दाब येतो, पायांना कळतो. एका दणक्यात चाक होत नाही, दोन-तीन टप्प्यांत होतं. ठोकळ्याचा आधी जाड थाळा होतो, मग त्यात आऱ्यांचा आकार. लाकडाला जशा रेषा असतात तशा धातूलाही असतात, ओतीव धातूत त्या नसतात, दाबून केलेल्या धातूत असतात आणि डाय नीट बनवली असेल तर त्या रेषा आऱ्यांच्या बाजूने वळतात, तुटत नाहीत. खरा जीव तिथे आहे. तेवढीच ताकद कमी वजनात मिळते ती याच्यामुळे. टीई३७ चं नाव ३७ कशावरून तर १५ इंची, ६ इंच रुंदीचं (६ जे) चाक ३.७ किलोचं होतं म्हणून, १९९६ ची गोष्ट.

त्यानंतर ताकद वाढवायची हीट ट्रीटमेंट, तिला टी६ म्हणतात. साधारण ५३० अंशांवर भिजत ठेवायचं, मग पाण्यात बुडवायचं, मग कमी तापमानावर, १७०-१८० ला, तासन् तास. इथे मला एक गोष्ट दिसली जी कुठल्या व्हिडिओत नव्हती. भट्टीचं दार उघडल्यापासून चाकं पाण्यात पडेपर्यंत किती सेकंद गेले ते मोजलं जातं, नोंदलं जातं, आणि ठरलेल्यापेक्षा जास्त गेले तर ती पूर्ण बॅच वेगळी काढतात. दिसायला चाकं एकदम तशीच, काही फरक नाही, पण ती विकायची नाहीत.

शेवटी टेस्टिंग. जपानमध्ये चाकावर जेडब्ल्यूएल लिहिलेलं असतं ना, चाकांचं जपानी मानक, ते उगाच नाही. एका टेस्टला चाक १३ अंश तिरकं बसवून वरून वजन टाकतात, फुटपाथला धडकल्यासारखं. दुसऱ्यात चाकाला सतत वाकवणारा भार देत फिरवत राहतात, वळणावर जे होतं ते. तिसऱ्यात टायर लावून ड्रमवर दाबून पळवतात. मग रंगीत पेनिट्रंट (चिरेत शिरणारं द्रव) लावून चिरा शोधतात. रेझ तर स्वतःचं जेडब्ल्यूएल प्लस आर म्हणून जास्त कडक मोजमाप ठेवते. टेस्टिंगच्या खोलीत जी मोडलेली चाकं रचून ठेवली होती, कुठे मोडली तिथे मार्करने तारखा, त्यांच्यासमोर मी जास्त वेळ उभा राहिलो, तयार चमकदार चाकांसमोर नाही. तुला संधी मिळाली तर ती खोली बघायला माग. तू डायवाला आहेस, मोडलेल्या जागेवरून तुला त्यांचा विचार वाचता येईल.

आपल्या रस्त्यांवर नकली टीई३७ लावून फिरणाऱ्यांनी हे एकदा बघावं असं मला मनापासून वाटतं. वरून दिसायला तेच, पण त्याला कुणी १३ अंशांवर बसवून वजन टाकलेलं नसतं. खड्ड्यात गेल्यावर ती टेस्ट तुम्ही स्वतःच्या घरच्यांना गाडीत बसवून करता.

सातारा_बूस्ट

शेवटच्या ओळीला हजार वेळा सहमत. माझ्या मित्राचं असं चाक खंबाटकीच्या खाली खड्ड्यात गेलं आणि आरा मुळापासून सुटला, नशीब स्पीड कमी होता. तेव्हापासून मी लोकांना सांगतो पैसे नसतील तर कंपनीची स्टॉक चाकं ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

भोसरी_टूलरूम

दादा, तुमचं उत्तर मी बाबांना वाचून दाखवलं, उजव्या कानाशी बसून, दोनदा. घड्याळावर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले म्हणजे भट्टीवाला माणूस भरवशाचा लागतो. ट्रेनिंगवाल्या कंपनीला मेल केलीये. जाऊन आलो की लिहितो.

भोसरी_टूलरूम

परत आलो. उशिराबद्दल सॉरी, आल्या आल्या ऑफिसात डायचं एक अर्जंट काम होतं.

आधी हिशोब. मी स्वतः दोन कंपन्यांना जपानीत मेल केली होती, एकीकडून नम्र नकार, दुसरीकडून उत्तर नाही. ट्रेनिंग देणाऱ्या कंपनीचे क्वालिटीचे मॅनेजर मात्र स्वतः फोनवर बोलले आणि एका एग्झॉस्ट बनवणाऱ्या कारखान्यात दीड तास मिळाला. चाकांचा नाही. क्षणभर मन खट्टू झालं होतं, आता वाटतं बरं झालं. नाव लिहू नका म्हणाले म्हणून लिहीत नाही. पन्नासच्या आत माणसं.

गेटवर सेफ्टी शू दिले, टोपी दिली, कॅमेऱ्याला स्टिकर. आत गेल्यावर पहिल्यांदा जे जाणवलं ते म्हणजे मला सगळं ओळखीचं होतं. फाइव्ह एसचे बोर्ड, कायझेनचे कागद, पोका-योके, गेंबा, कारखान्यातल्या शिस्तीचे आणि सुधारणेचे हे जपानी शब्द आपण भोसरीत रोज बोलतो, त्यांच्या तोंडून ऐकले तेव्हा त्यांनाही आश्चर्य वाटलं की पुण्याच्या माणसाला हे सगळं कसं माहीत. दुभाषी होती तरी अर्ध्या गोष्टी आम्ही तिच्याशिवाय बोललो, ड्रॉइंगवर बोट ठेवून.

टायटॅनियमचं वेल्डिंग बघितलं. गाडीवाल्या पोरांना मफलरच्या टोकाचा निळा-जांभळा रंग आवडतो, मलाही आवडतो, तो मुद्दाम ज्योतीने तापवून आणतात, ते काम एक बाई करत होती आणि एका टोकाला ती इतका वेळ देत होती की मी बघतच राहिलो. पण वेल्डच्या शिवणीवर तोच निळा रंग आला तर तो दोष असतो! शिवण चांदीसारखी पांढरी हवी, फिकट सोनेरी चालते, निळी आली तर शंका, करडी पावडरीसारखी झाली तर कापून टाकायची. कारण तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन शोषतं आणि ठिसूळ होतं. म्हणून पाइपच्या आतूनही आर्गन वायू सोडतात, आत ऑक्सिजन किती उरला ते मीटरवर बघतात, आकडा खाली येईपर्यंत वेल्डर टॉर्च हातात धरून नुसता उभा. आर्क बंद केल्यावरही टॉर्च लगेच उचलत नाही, शिवण गार होईपर्यंत गॅस चालूच. एका जॉइंटमधला बराचसा वेळ वाट बघण्यात जातो. कानसाई दादा, तुमचं ते घड्याळ मला तिथे आठवलं. लोखंड रंग दाखवून सांगतं, अॅल्युमिनियम काहीच दाखवत नाही आणि टायटॅनियम नंतर दाखवतं, चूक होऊन गेल्यावर. हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आणि जिग, म्हणजे पार्ट नेमक्या जागी बसतो का ते बघायचा सांगाडा. मंडळी, मी टूलरूमचा माणूस, माझा जीव तिथे अडकला. पाइप वाकवून वेल्ड केला की तो त्या गाडीच्या जिगवर बसवून बघतात, फ्लॅंज आणि सगळे हॅंगर जोर न लावता बसले पाहिजेत, कारण ताणून बसवलेला पाइप थरथरून आज ना उद्या शिवणीत फुटतो. प्रत्येक मॉडेलला वेगळी जिग. मागच्या भिंतीला छतापर्यंत रॅक आणि त्यावर नुसत्या जिग, प्रत्येकीला टॅग, गाडीचा कोड आणि शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख. मी वाचत गेलो, स्विफ्ट स्पोर्ट, जीआर यारिस, खाली निसानच्या एस१५, एस१४, अगदी खालच्या ओळीत टोयोटाची एई८६. ती गाडी १९८३ ते १९८७ बनली. टॅगवरची तपासणीची तारीख यंदाची होती. विचारलं की अजून किती जातात, म्हणाले वर्षाला मोजके. मग जागा का अडवलीये? ते जरा गोंधळले, दुभाषीला परत विचारायला लावलं, मग म्हणाले, गाडी अजून रस्त्यावर आहे ना.

मी टूलरूममध्ये दर दोन वर्षांनी जुन्या डाय भंगारात काढायच्या यादीवर सही करतो. त्या उत्तरावर मला पुढचा प्रश्न सुचला नाही.

आवाजाची चाचणीही बघितली, माइक टोकापासून ठरलेल्या अंतरावर आणि कोनात. तिथे एप्रिल २०१० नंतर बनलेल्या गाड्यांना बाहेरचा मफलर लावायचा तर तो आधीच तपासून पास झालेला लागतो, प्लेट असते त्यावर. आपल्याकडे पोलिस बुलेटचे सायलेन्सर रोलरखाली घालतात, तिथे तो आवाज फॅक्टरीतूनच बाहेर पडत नाही. आणि मफलरचा आवाज गोड होता, खोल, कानाला टोचत नव्हता.

सुझुकी प्लाझाला गेलो, यामाहालाही, २००० जीटी प्रत्यक्षात फोटोपेक्षा खूप लहान आणि ठेंगणी आहे. शिक्रापूरचं अजून जमलं नाही, पुढच्या महिन्यात जातोय, बाबांना घेऊन जायची परवानगी मागितलीये.

पुढे कुणाला जायचं असेल तर पत्रात मी काय काय लिहिलं ते सांगतो. मी कोण, कुठल्या कंपनीत काय करतो, किती वर्षं. कुठली प्रोसेस बघायचीये आणि का. कुठल्या तारखा चालतील, कमीत कमी तीन पर्याय. किती जण येणार. फोटो काढणार नाही आणि बघितलेलं कुठे छापणार नाही हे आपणहून. भेटीला बाकरवडी नेली होती, छोटी पाकिटं, तिखट आहे असं जपानीत चिठ्ठी लावून. योकोहामावाली ताई, काही राहिलं असेल तर सांगा.

योकोहामावाली

वाचून फार छान वाटलं! दोन गोष्टी घाल. येणाऱ्या प्रत्येकाच्या बुटाचा नंबर सेंटीमीटरमध्ये आधीच कळव, मोठ्या मापाचे सेफ्टी शू लहान कारखान्यात नसतात, मग कुणालातरी तुझ्यासाठी आणायला जावं लागतं. आणि परत आल्यावर आभाराची मेल दुसऱ्या दिवशीच, त्यात काय शिकलास ती एक तरी नेमकी गोष्ट. केली होतीस ना?

भोसरी_टूलरूम

केली होती ताई, जिगबद्दल लिहिलं. बुटाचं मात्र राहिलं होतं, त्यांनी मला २८ दिले, मला २७ लागतात, दोन मोजे घालून फिरलो.

कोल्हापूर_फौंड्री

शिक्रापूरला वडिलांना घेऊन जाणार हायस तर तारीख कळव, मीबी येतो कोल्हापूरनं. भट्टीजवळ आवाज असतोय, त्यांच्या उजव्या बाजूला मी उभा राहतो, सांगायला.